निर्गुडी : कुंपणातली आणि काठावरची

गोदाकाठच्या माणसाला निर्गुडी विकत घ्यावी लागेल, असे दोन पिढ्यांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. ओढ्याच्या ओलीत, नदीच्या दरडीवर ती आपोआप वाढे. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून बांधावर तिचे कुंपण होई. सांधे धरले की शेकायला पाला आणावा, कणगीतल्या धान्याला कीड लागू नये म्हणून वाळलेली पाने घालावीत. त्यासाठी ना पैसा लागे, ना कोणाची परवानगी. आज तीच निर्गुडी रोपवाटिकेत प्लॅस्टिकच्या पिशवीतून विकली जाते आणि नाशिकच्या बंगल्यांतून ‘देशी झाड’ म्हणून कौतुकाने लावली जाते.

हे कौतुक अस्थानी नाही. पावसाच्या तोंडाशी बोटाएवढ्या जाडीची पक्व फांदी, मोरीचे पाणी मुरते अशा उन्हाच्या कोपऱ्यात रोवली की ती जीव धरते. तिला औषधफवारणी लागत नाही. निळसर जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या येतात. चाळीमागच्या हातभर जागेतही ती होते. त्यासाठी बंगला असावा लागत नाही, हे बागकामाच्या हौशी मंडळींना सहसा सुचत नाही.

परंतु दरडीची माती मुळांनी धरून ठेवणे हे तिचे खरे काम, आणि ते कुंडीत होत नाही. त्यासाठी मातीचा काठ शिल्लक हवा. २००३ च्या सिंहस्थापूर्वी रामकुंड परिसरातील कुंडांच्या तळाला काँक्रीट घालण्यात आले. ते काढून झरे मोकळे करावेत, या मागणीसाठी नागरिकांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. प्रवाहाच्या खालच्या अंगाला, निफाड तालुक्यातील नांदूर-मध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पाणथळीला जागतिक मान्यता मिळाली खरी, पण नाशिक शहराचे सांडपाणी वाहत जाते ते त्याच दिशेने. ओढ्याकालव्यांच्या काठी अमेरिका खंडातून आलेली बेशरम माजते, ती निराळीच.

नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी यांच्या काठी संरक्षक भिंतीचे अंदाजपत्रक पुढे येईल तेव्हा, तेथे माती धरणारी झुडपे का नकोत, हा प्रश्न प्रभागातील कार्यकर्त्यांनी अधिकाऱ्यांना विचारला पाहिजे. आणि बागेतील निर्गुडीच्या छाटलेल्या फांद्या जाळून न टाकता पहिल्या पावसात जवळच्या ओढ्याकाठी नेऊन रोवल्या पाहिजेत.