हेडफोन उलटा घालून पाहा

पंचाहत्तरीच्या घरातले एक आजोबा सुनेबरोबर रक्तदाब तपासण्यासाठी दवाखान्यात आले होते. आयुष्यभर गावच्या भजनात पखवाज वाजवलेला माणूस. गुडघ्यांमुळे आता मंदिरात फार वेळ बसवत नाही, म्हणून नातवाने मोबाईलवर अभंग ऐकण्यासाठी त्यांना हेडफोन आणून दिला होता. तपासणी आटोपली आणि निघता निघता सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, बाबांच्या हेडफोनची डावी बाजू बंद पडलीय. दुकानदाराने काल बदलून दिला, तरी तेच."

मी विचारले, "आजोबा, कधीपासून ऐकू येत नाही?"

"परवा सकाळी उठलो तेव्हापासून. कानाला दडे बसल्यासारखे झालेत, बारीक शिट्टीही वाजते. सर्दी असेल."

मी हेडफोन मागून घेतला आणि उलटा घातला, म्हणजे डावी बाजू उजव्या कानावर आणि उजवी डाव्यावर. अभंग सुरू केला. आजोबा म्हणाले, "अजून डाव्याच कानात येत नाही." यंत्र निर्दोष होते. बंद पडला होता तो कान.

ही तातडीची बाब का?

कानात मळाचा खडा नव्हता, पडदाही स्वच्छ होता. ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवला, तेव्हा नाद उजव्या, म्हणजे चांगल्या कानाकडे ऐकू आला. मळामुळे ऐकू येत नसेल तर हा नाद बहुधा बिघडलेल्या कानाकडे जातो. इथे उलट झाले, म्हणजे दोष आतल्या कानात किंवा श्रवणाच्या नसेत असण्याचा संभव होता. आजोबांना त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे धाडले.

एकाएकी, तीन दिवसांच्या आत एका कानाचे श्रवण खालावणे ही वैद्यकशास्त्रात तातडीची अवस्था मानतात. बहुतेक वेळा नेमके कारण सापडत नाही. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि शक्य तितका लवकर, सुरू झाला तर श्रवण परतण्याची आशा अधिक असते. मधुमेह असेल तर या काळात साखरेवर बारीक लक्ष ठेवावे लागते, पण म्हणून उपचार टाळू नये. अशा बहिरेपणासोबत तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हातापायांत अशक्तपणा किंवा तीव्र चक्कर असेल, तर पक्षाघाताची शंका धरून थेट मोठ्या रुग्णालयात जावे.

आजोबांचे श्रवण काही आठवड्यांत बरेचसे परतले, पूर्ण नाही. दुकानदाराच्या तिसऱ्या हेडफोनची वाट पाहत बसले असते, तर तेवढेही परतले असते की नाही, हे सांगता येत नाही.

अर्धा अभंग कुठे गेला?

पुढच्या भेटीत आजोबांची तक्रार निराळी होती. "काही अभंगांत टाळ ऐकू येतात, पण माझा पखवाजच हरवतो." यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे.

पुणे आकाशवाणीवरून 1955-56 मध्ये गीतरामायण प्रसारित झाले, तेव्हा रेडिओचा आवाज एकपदरी, म्हणजे मोनो होता. पुढे स्टिरिओ आले. त्यात ध्वनिमुद्रणाचे दोन पदर असतात, एक डावा आणि एक उजवा. काही ध्वनिमुद्रणांत एखादे वाद्य जवळजवळ पूर्णपणे एकाच पदरात ठेवलेले असते. खोलीत दोन स्पीकर असले तर त्याने बिघडत नाही, कारण डाव्या स्पीकरचा आवाज डोक्याला वळसा घालून क्षणार्धात उजव्या कानातही पोहोचतो. हेडफोनमध्ये मात्र डावा पदर फक्त डाव्या कानालाच मिळतो. तो कान अधू असेल, तर त्या पदरातले वाद्य श्रोत्यापुरते नाहीसेच होते.

निरोगी कानांनाही हे विचित्र वाटते. विशेषतः खर्जातला आवाज. पखवाजाच्या धुमेवर थाप पडते तेव्हा निघणाऱ्या खोल नादाची एकेक लहर कित्येक फुटांची असते. सेकंदाला शंभर कंपनांच्या नादाची लहर सुमारे 3.4 मीटर लांब भरते. एवढ्या लहरीला आपले डोके अडवू शकत नाही, म्हणून समोर बसून ऐकताना असा नाद दोन्ही कानांना जवळजवळ सारखाच मिळतो. तोच नाद एका कानात बंदिस्त झाला की कानात दाब आल्यासारखे, डोके जड झाल्यासारखे काहींना वाटते.

यावर ध्वनी-अभियंत्यांनी तीन उपाय काढले आहेत. पहिला 'मोनो बास' : फक्त खर्जाचे स्वर एकत्र करून दोन्ही कानांना सारखे द्यायचे. दुसरा 'क्रॉसफीड' : एका बाजूचा थोडा आवाज, जरा मवाळ करून आणि सेकंदाच्या काही दशसहस्रांश इतक्या विलंबाने, दुसऱ्या बाजूला सोडायचा, म्हणजे स्पीकरसमोर बसल्याचा भास होतो. बेंजामिन बाउअर यांनी ही कल्पना 1961 मध्येच मांडली होती. गाणी ऐकण्याच्या काही ॲपमध्ये आज या सोयी असतात. त्या दोन्ही कान बरे असलेल्यांच्या आरामासाठी आहेत. एक कान अधू असलेल्याला तिसरा उपाय हवा : संपूर्ण 'मोनो ऑडिओ'. यात दोन्ही पदर एकत्र होऊन प्रत्येक कानाला सगळे मिळते. आवाजाची दिशा हरवते, पण टाळ, वीणा, पखवाज आणि बुवांचा गळा, काहीही सुटत नाही.

ही सोय बहुतेक मोबाईलमध्ये आधीपासूनच असते. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' उघडावे आणि श्रवण किंवा ऑडिओच्या विभागात 'मोनो ऑडिओ' सुरू करावे. पैसे पडत नाहीत. नातवंडांना दोन मिनिटे लागतात. सूनबाईंनी माझ्यासमोरच ते बटण सुरू केले. आजोबांचा हात क्षणभराने आपसूक गुडघ्यावर ठेका धरू लागला.

घरच्यांनी ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

मोनो सुरू करण्याआधी प्रत्येक कान स्वतंत्रपणे तपासावा. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज येऊ लागला की एका कानाचा बहिरेपण सहज झाकला जातो. महिन्यातून एकदा हेडफोन उलटा घालून पाहावा. शांतता हेडफोनबरोबर सरकली तर दोष यंत्रात, ती त्याच कानात राहिली तर दोष कानात.

वाद्ये ऐकू येतात पण गायकाचा आवाज पुसट किंवा गायब आहे, असे दोन्ही कानांत होत असेल, तर वायरची पिन नीट आत बसली आहे का ते पाहावे. अर्धवट बसलेल्या पिनेमुळे दोन्ही पदरांतले सामाईक स्वर एकमेकांना खोडतात आणि गाणाराच नाहीसा होतो.

अधू कानासाठी आवाज वाढवत नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार प्रौढांसाठी 80 डेसिबलची पातळी आठवड्याला 40 तासांपर्यंत सुरक्षित मानतात. त्यापुढे दर 3 डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. साधा नियम असा की आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नये. तेवढ्यात भागत नसेल, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. कोणतेही ॲप श्रवणयंत्राची जागा घेत नाही.

आणि हेडफोन घरातच. एका कानाने ऐकणाऱ्याला हॉर्न कोणत्या बाजूने आला हे नीट कळत नाही. आमच्या नवलाख उंबऱ्याच्या रस्त्यावर कारखान्यांच्या गाड्यांची ये-जा असते, तिथे ही चूक महागात पडू शकते.

वृद्ध माणसे आपल्या शरीराची तक्रार सहसा थेट करीत नाहीत. टीव्हीचा आवाज बारीक झाला, फोनवर लोक पुटपुटतात, हेडफोन बिघडला, असेच ती सांगतात. वस्तू दुरुस्तीला नेण्याआधी एकदा शांतपणे विचारावे, "बाबा, कोणत्या कानात? आणि कधीपासून?" उत्तर "परवापासून" असे आले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.