बॅनर निळा, आत काय?

एप्रिल आला की नाशिकमध्ये दुकानांवर निळे बॅनर दिसू लागतात. वर जयंतीच्या शुभेच्छा, खाली खरेदीवर सवलत. आपला समाज ग्राहक म्हणून दखलपात्र झाला, ही गोष्ट छोटी नाही. बॅनर लावणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण बॅनर बाहेर असतो. समता पाहायला दुकानाच्या आत जावे लागते.

झोमॅटोचे उदाहरण घ्या. जून २०२३ मध्ये पर्यावरण दिनानिमित्त या कंपनीने जाहिरात केली. पुनर्वापराचे महत्त्व सांगताना ‘लगान’मधल्या ‘कचरा’ या अस्पृश्य पात्राला दिवा, कागद अशा वस्तूंच्या रूपात दाखवले. दिग्दर्शक नीरज घायवान यांच्यासह अनेकांनी निषेध केला आणि जाहिरात मागे घेतली गेली. ती मंजूर होईपर्यंत किती टेबलांवरून गेली असेल! ‘हे चुकतंय’ म्हणणारा तिथे कुणी नसावा, किंवा असला तरी त्याचे ऐकले गेले नसावे.

वर्ष उलटायच्या आत, १९ मार्च २०२४ रोजी, याच कंपनीने ‘प्युअर व्हेज’ सेवा जाहीर केली. शाकाहारी जेवण पोचवणाऱ्यांना वेगळा हिरवा गणवेश, वेगळी हिरवी पेटी. टीका होताच दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग रद्द झाला. लाल गणवेशातल्या कामगारांना काही सोसायट्या अडवतील, ही भीती कंपनीलाही मान्य करावी लागली. तो दिवस होता २० मार्च, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा. ‘शुद्धता’ मागणाऱ्या ग्राहकाची सोय पाहताना माणसांचीच वाटणी होते, हे आपल्याला कुणी वेगळे शिकवायला नको.

बाबासाहेबांनीही हा बाजार अनुभवला होता. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यवहारांवर सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले. कोलंबियाची पदवीही तिथे कामी आली नाही.

म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे धर्म वा जातीवरून कुणालाही अडवता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणाने माल वा सेवा नाकारणे हा गुन्हा आहे. तेव्हा ‘आमच्याकडे सर्वांचे स्वागत’ ही पाटी उपकाराची नाही; ती कायद्याची किमान अट आहे. खरी परीक्षा त्यापुढे सुरू होते.

ती परीक्षा आपण घ्यायला हवी. गल्ल्यावर आणि व्यवस्थापकाच्या खुर्चीत आपली मुले-मुली आहेत का, की फक्त झाडू आणि गोदामात? मुलाखतीत आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न बदलतो का? कामगारांचे पाण्याचे भांडे एकच आहे का? माल पुरवणाऱ्यांत आपले उद्योजक आहेत का? सरकारी खरेदीत केंद्राच्या २०१२ च्या धोरणाने अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी ४ टक्के वाटा ठरवला आहे. खासगी व्यापाऱ्यावर असे बंधन नाही. म्हणूनच त्याने स्वतःहून उचललेले पाऊल मोलाचे ठरेल.

२०२७ च्या सिंहस्थानिमित्त नाशिकमध्ये कामे, कंत्राटे आणि दुकानदारी वाढणार आहे. हे प्रश्न विचारण्याची वेळ आत्ताच आहे. १९३० मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या पिढीने काळाराम मंदिराच्या दारात प्रवेशाचा हक्क मागितला. आज दार बाजाराचे आहे. तिथे ग्राहक म्हणून आपण कधीच आत गेलो. वाटेकरी म्हणून अजून उंबऱ्यावरच आहोत.

आपल्याच त्रिरश्मी लेण्यांकडे पाहा. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. व्याजातून भिक्षूंच्या चीवराचा खर्च भागायचा. २,००० वर दरमहा शेकडा एक, १,००० वर पाऊण, असा व्याजाचा दरसुद्धा दगडात कोरला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या दात्याने नुसत्या शुभेच्छा दिल्या नाहीत. कुणीही वाचून तपासावा असा हिशेब मांडला.

पुढच्या जयंतीला बॅनर दिसला तर दुकानदाराला मनापासून जय भीम म्हणा. मग आत जा आणि हिशेब विचारा.