पडद्याच्या आत कोण?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्यूर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याची आठवण म्हणून हा दिवस जगभर रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो. शोधानंतर दीड महिन्याने राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले आणि बोटातल्या अंगठीसकट आतली हाडे कागदावर उमटली. जग चक्रावले. लंडनमध्ये तर क्ष-किरणांना दाद न देणाऱ्या अंतर्वस्त्रांच्या जाहिराती निघाल्याचे सांगतात. आज त्याचे हसू येते, पण त्या भाबड्या भीतीच्या पोटात एक शहाणा प्रश्न होता. माणसाच्या आतले पाहता येऊ लागले खरे, पण ते पाहायचे कोणी आणि कोणाच्या देखत?

पाहण्याची यंत्रे घडवण्यात ब्रिटनचा वाटा मोठा आहे. पोटातले बाळ ध्वनिलहरींनी पाहण्याचे शास्त्र इयन डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लासगोत उभे केले. त्यांचा गाजलेला निबंध १९५८चा. सीटी स्कॅनखाली पहिला रुग्ण गेला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात. एमआरआयच्या जडणघडणीत नॉटिंगहॅम आणि अ‍ॅबर्डीन या दोन्ही विद्यापीठांची नावे घ्यावी लागतात. यंत्राखाली झोपणाऱ्या माणसाच्या अंगावर काय आहे, याकडे लक्ष जायला मात्र एकविसावे शतक उजाडले. प्रेस्टनच्या रुग्णालयाने २००६मध्ये सर्वांग झाकणारा गाऊन आणला. पुढे डिझाइन कौन्सिलने आरोग्य खात्याला हाताशी धरून रुग्णाच्या प्रतिष्ठेचा उपक्रम राबवला आणि त्यात बेन डी लिसी या नामवंत फॅशन डिझायनरकडून नवा गाऊन बेतून घेतला. एवढे होऊनही मागे नाड्या असलेला तो जुना गाऊन काही हटलेला नाही. स्कॅनची पाळी येईपर्यंत कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसलेली बाई एका हाताने पाठीमागची फट धरून असते. दुसऱ्या हातात कपड्यांची टोपली, त्यात वर मंगळसूत्र आणि बांगड्या. समोरून ट्रॉली ढकलत पोर्टर जातो आणि ती नजर खाली घालते. स्कॅनर कधी कधी रुग्णालयाच्या आवारात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये असतो. तिथे जायचे तर गाऊनवर कोट चढवावा लागतो. रुग्णाला सन्मानाने वागवावे आणि त्याची खासगी बाब खासगी ठेवावी, हे इंग्लंडमध्ये २०१४च्या नियमावलीतल्या दहाव्या कलमाने बंधनकारक केले आहे. कापडी पडद्यातून आवाज आरपार जातो, याचा बंदोबस्त मात्र कुठल्याच कलमाला जमलेला नाही.

रुग्णालयांच्या उणिवा मोजायच्या तर आणखीही मोजता येतील. पण ब्रिटनमधल्या मराठी वाचकांपुढे आज आम्हाला वेगळीच तक्रार मांडायची आहे, आणि ती आपल्याच घराविषयी आहे. रुग्णालयाने ओढलेला पडदा पुष्कळदा आपलीच माणसे बाजूला सारतात. प्रेमाने, काळजीने, ‘आईला इंग्रजी येत नाही हो’ असे म्हणत.

सुरुवात ओळख पटवण्यापासून होते. रेडिओग्राफर नाव, जन्मतारीख आणि पत्ता विचारतो. तो कागद वाचून ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारत नाही, रुग्णाच्या तोंडून वदवून घेतो, कारण घाबरलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. चुकीच्या माणसाचे स्कॅन होणे ही किरणोत्साराच्या कामातली जुनी, पुन्हा पुन्हा नोंदली जाणारी चूक आहे. इथे आपल्याकडची एक खास अडचण उभी राहते. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी लिहिली ती. त्या पिढीचे दोन पाटील एकाच दिवशी एकाच प्रतीक्षाकक्षात बसले तर आडनाव सारखे, तारीखही सारखी. मधले नाव नवऱ्याचे की वडिलांचे, यावरून निराळाच घोळ. अशा वेळी आजोबांनी तोंड उघडण्याआधीच सूनबाईंनी तिन्ही उत्तरे देऊन टाकली, तर ती विचारपूस करून उपयोग काय?

त्यानंतर भाषा. हॅरो, स्लाउ किंवा मिल्टन कीन्समधल्या एखाद्या सोनोग्राफीच्या खोलीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. पासष्टीच्या बाई टेबलावर आहेत, मुलगा दुभाषी म्हणून शेजारी उभा आहे. सोनोग्राफर विचारते, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव कधीपासून होतोय? मुलगा भिंतीकडे पाहत म्हणतो, “आई, त्रास कधीपासून आहे?” आई म्हणते, “आहे जरासा, चालायचंच.” इंग्रजीत पोहोचते ते ‘फारसं काही नाही’. मग सोनोग्राफर सांगते की पोटावरून नीट दिसत नाही, आतून तपासावे लागेल. हे वाक्य मुलाने आईला कोणत्या तोंडाने सांगायचे? आईच म्हणते, “नको, राहू दे.” पाळी गेल्यावर होणारा रक्तस्राव हे गर्भाशयाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते, आणि अस्तराची जाडी नीट मोजायला आतून केलेली सोनोग्राफीच बहुधा लागते. त्या खोलीत कुणाचाच हेतू वाईट नव्हता. सगळ्यांनी मिळून एक लाज सांभाळली आणि तपासणी अर्धी राहिली. खासगीपणा ही सुखवस्तू माणसांची चैन आहे असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. सुरक्षितता आणि अब्रू ही दोन वेगळी खाती नाहीत.

दुभाषाच्या कामासाठी नातेवाइकांवर विसंबू नये, असे एनएचएस इंग्लंडच्या मार्गदर्शनात २०१८मध्येच नोंदवले आहे, आणि दुभाषासाठी रुग्णाला पैसे मोजावे लागत नाहीत. पण मागितल्याशिवाय तो क्वचितच येतो. शिवाय ‘इंडियन’ म्हटले की हिंदी बोलणारा दुभाषी पाठवून मोकळे होण्याची सवय आहे. साताऱ्याकडच्या आजींना मालिकेतली हिंदी कळते. गर्भाशयाविषयीची कळेलच असे नाही.

तिसरी गोष्ट सोबतीची. नाजूक तपासणीच्या वेळी चॅपरोन, म्हणजे तपासणी करणाऱ्याखेरीज एक त्रयस्थ आणि शक्यतो प्रशिक्षित व्यक्ती, हजर ठेवायला हवी. केंटमधल्या क्लिफर्ड आयलिंग या डॉक्टरने स्त्री-रुग्णांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी झाली, तिचा अहवाल २००४मध्ये आला आणि या प्रथेला शिस्त आली. जनरल मेडिकल कौन्सिलने स्पष्ट म्हटले आहे की रुग्णाचा नातलग किंवा मित्र त्रयस्थ साक्षीदार ठरत नाही. तो धीर द्यायला हवा असेल तर असावा, पण चॅपरोनची जागा त्याची नव्हे. आपल्या बायका मात्र ‘मिस्टर आहेत ना सोबत’ म्हणून चॅपरोन नाकारतात, किंवा पुरुष सोनोग्राफर समोर आला तरी ‘आता कशाला उगाच’ म्हणून गप्प राहतात. मॅमोग्राफीच्या बाबतीत तर हा संकोच अनाठायी आहे. इंग्लंडमध्ये पन्नाशीपासून एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी बोलावणे येते आणि तपासणी स्त्रियाच करतात. तरीही दक्षिण आशियाई स्त्रिया या बोलावण्याला कमी प्रतिसाद देतात.

आणि काही प्रश्न एकांतातच विचारायचे असतात. क्ष-किरणांपूर्वी गर्भारपणाची शक्यता विचारणे कायद्याने आवश्यक आहे. साधारण बारा ते पंचावन्न वयोगटातल्या प्रत्येकीला तो प्रश्न येतो. सोळा वर्षांच्या मुलीला असे विचारले म्हणून चिडणाऱ्या आया आहेत. पण आई शेजारी असताना मिळालेल्या उत्तराला काय किंमत? गर्भवतीला निदान एकदा एकटीला गाठून घरी मारहाण, धाकदपटशा होतो का, हे विचारण्याची शिफारसही याच कारणासाठी आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध भारतात पहिला कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला, १९८८मध्ये, सोनोग्राफीच्या दाराबाहेर कोण ताटकळत उभे असते हे कळले होते. ब्रिटनमध्ये विसाव्या आठवड्याच्या स्कॅनला मुलगा की मुलगी हे बहुतेक ठिकाणी विचारल्यास सांगतात. ते विचारायचे की नाही, हे त्या बाईला सासूच्या नजरेखाली ठरवावे लागू नये.

सोबत्यांच्या गर्दीची किंमत जिवानेही मोजावी लागते. मुंबईच्या नायर रुग्णालयात जानेवारी २०१८मध्ये रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, यंत्राने त्याला खेचून घेतले आणि तो दगावला. एमआरआय यंत्रातले चुंबक दिवसरात्र चालू असते. स्कॅन चालू नसले तरी. म्हणून एमआरआयपूर्वी जोडवी, नथ, मंगळसूत्र काढायला सांगतात, जरीच्या कपड्यालाही नाही म्हणतात. त्यात सवलत मागू नये. सौभाग्यलेणे काढायला सांगणाऱ्याने दोन शब्द समजावून सांगावेत आणि लॉकरची किल्ली बाईच्याच हातात द्यावी, एवढी अपेक्षा मात्र रास्त आहे.

आता खिशातला फोन. एप्रिल २०२५मध्ये ब्रिटनमधल्या रेडिओग्राफरांच्या संघटनेने आपल्या वार्षिक परिषदेच्या निमित्ताने इशारा दिला: रुग्ण आणि नातलग उपचारांचे चित्रण करून ते समाजमाध्यमांवर टाकतात. एका रुग्णाला सुई टोचली जात असताना तिच्या लेकीने न विचारता चित्रण केल्याचे उदाहरणही पुढे आले. तुमच्या आजीच्या व्हिडिओत पडद्यापलीकडच्या माणसाचा आजार ऐकू येतो, याचे भान कितीजणांना असते? रुग्णाच्या नोंदी कोणी पाहाव्यात यावर फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीने १९९७मध्ये बंधने सुचवली. मार्च २०२४मध्ये वेल्सच्या युवराज्ञींच्या नोंदी लंडनमधल्या रुग्णालयात चोरून पाहण्याचा प्रयत्न झाल्याची बातमी आली, तेव्हा माहिती आयुक्तालयाने दखल घेतली. आपल्या घरी मात्र वडिलांच्या एनएचएस अ‍ॅपला ईमेल मुलाचा असतो आणि अहवाल वडिलांच्या आधी ‘फॅमिली’ ग्रुपवर पोहोचतो.

घराने पुढाकार घ्यायचा तो इथे. स्कॅनचे पत्र आले की त्यावरच्या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. दुभाषी मराठीच हवा असे सांगा, स्त्री सोनोग्राफर हवी असेल तर तेही सांगा, चॅपरोन मिळेल का विचारा. १९३२पासून लंडनमध्ये असलेले महाराष्ट्र मंडळ आणि गावोगावची मंडळे गणपती-दिवाळीला इतकी माणसे जमवतात. त्यांनी अशा सूचनांचे एक मराठी पान छापून ज्येष्ठांच्या हाती द्यावे. आणि रेडिओग्राफरने ‘कृपया बाहेर थांबा’ म्हटले, तर वाद न घालता बाहेर बसा.