तलाव काठावर नव्हे, उतारावर वाचवायचा आहे
जाहीर आवाहन

भिवंडीकर बंधू-भगिनींनो,

आपल्या शहराला लागणारे बहुतेक पाणी स्टेम प्राधिकरण आणि मुंबई महापालिकेकडून येते. कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावाचा वाटा त्यात लहान आहे. तरीही तेवढे पाणी आपले स्वतःचे आहे. त्यासाठी दुसऱ्या कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. हा तलाव राखण्यासाठी आम्ही तुमच्यापुढे आलो आहोत.

तलाव स्वच्छ करायचा म्हटले की आपण काठावर जमतो. निर्माल्य, प्लास्टिक उचलतो, जलपर्णी ओढून काढतो, फोटो निघतात आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर नवी घाण येऊन दाखल होते. कारण ती काठावर तयार होतच नाही. भोवतालच्या ज्या ज्या छपरावरचे, गल्लीतले, रस्त्यावरचे पाणी उताराने तलावाकडे धावते, तो सगळा त्याचा पाणलोट. तलावापासून चार गल्ल्या दूर राहणारे कुटुंबही त्यामुळे तलावाकाठीच राहते.

पाणलोटाचे महत्त्व पाहायला लांब जायला नको. मुंबईतले तुळशी, विहार आणि पवई हे तलाव एकाच साखळीतले. तुळशी भरला की पाणी विहारमध्ये उतरते. विहार १८६० मध्ये, तुळशी १८७९ मध्ये पूर्ण झाला. दोघांचा पाणलोट आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे आणि मुंबईकर त्यांचे पाणी अजून पितात. पवईही १८९० च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठीच बांधला, पण त्याचे पाणी पिणे केव्हाच थांबले. पुढे भोवती वस्ती वाढली, सांडपाणी आत उतरू लागले आणि तिथली जलपर्णी कितीही काढली तरी पुन्हा वाढते. आपला तलाव पवईसारखाच भर वस्तीत आहे. जंगलाचे कुंपण त्याला नाही. ते काम आपल्यालाच करावे लागेल.

मैलापाणी आणि साबणाचे पाणी तलावात गेले की त्यातली नत्र-फॉस्फरसयुक्त द्रव्ये जलपर्णी आणि शेवाळाला खत ठरतात. वाढलेले शेवाळ मरून कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे वर येऊन मरतात. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कारखान्यांचे पाणीही असेच प्राणवायू खाते. डाईंगचा रंग पाण्यात उजेड शिरू देत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती लवकर विरघळत नाही. ती तळाशी गाळ वाढवते आणि तिच्या रासायनिक रंगांतले जड धातू त्या गाळात बसतात.

म्हणून आमच्या विनंत्या अशा :

घरांना : मोरीचे आणि संडासाचे पाणी पावसाळी गटारात सोडले असेल तर ते मलवाहिनीला जोडून घ्या. मलवाहिनी नसेल तर सेप्टिक टँक वेळेवर उपसून घ्या. कपडे, गाड्या तलावावर धुऊ नका.

कारखानदार आणि गोदामवाल्यांना : यंत्रमागाने या शहराला पोसले आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण रंगाचे, खळीचे पाणी प्रक्रिया न करता गटारात सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे. चिंदी, राख आणि भंगार नाल्याकाठी टाकू नका. भराव घालून नाल्याची वाट अडवू नका.

मंडळांना आणि भाविकांना : गणपती असो, देवी असो, छटपूजा असो वा बतुकम्मा, सण थाटात करा. मूर्ती असेल तर शाडूची आणि लहान घ्या, विसर्जन कृत्रिम हौदात करा, निर्माल्य कलशातच द्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनाही हेच सांगतात.

भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेला : तलावाच्या पाणलोटाची हद्द आखून नकाशा जाहीर करा. तलावात उतरणारे प्रत्येक गटार त्यावर दाखवा आणि सांडपाणी आणणारे गटार कधी वळवणार, त्याची तारीख लिहा. पाण्याच्या तपासणीचे निकाल दर महिन्याला तलावाकाठच्या फलकावर लावा. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चारही भाषांत, कारण हे पाणी पिणारे चारही भाषा बोलतात.

नकाशाची वाट पाहत बसू नका. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या गल्लीतले गटार कुठे जाते, ते एकदा चालत जाऊन बघा. ते तलावात उतरत असेल तर जागा, तारीख आणि पाण्याचा रंग लिहून ठेवा, फोटो काढा. घरगुती सांडपाण्याची लेखी तक्रार प्रभाग कार्यालयात आणि कारखान्याच्या पाण्याची महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या. पोच घेतल्याशिवाय परतू नका. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. तक्रार एकट्याने करण्याऐवजी गल्लीतल्या दहा घरांच्या सह्यांनी करा. दहा सह्यांचा कागद बाजूला सारणे कोणालाही जड जाते.

आपले,
वऱ्हाळादेवी तलाव परिसरातील रहिवासी