‘डोक्यातून काढून टाका’ हे निदान नव्हे!



दवाखान्यातली गर्दी, रिकामी पदं, संपलेली औषधं यांची कहाणी तुम्हाला सांगायची गरज नाही. ती तुम्ही रोज भोगता. हे पत्रक काढलं आहे ते दुसऱ्या एका संतापापायी. हाडं फुटल्यासारखी दुखतात म्हणून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा दवाखान्याची पायरी चढलेल्या माणसाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही, डोक्यातून काढून टाका’ असं सांगून वाटेला लावण्याची रीत अमरावती-अकोल्याकडे चांगलीच मुरली आहे. शाळकरी पोर असेल तर ‘शाळा बुडवायची नाटकं’, सून असेल तर ‘कामाचा कंटाळा’, मेळघाटातला कोरकू असेल तर ‘यांना सांगून समजत नाही’. उरलेल्यांना टॉनिकची बाटली. दुर्मिळ आजाराचं निदान महागड्या यंत्रापर्यंत पोहोचण्याच्या आधी या रीतीपाशी अडतं, म्हणून आज फक्त तिचाच समाचार घ्यायचा आहे.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराचंच उदाहरण घ्या. 1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींचं वर्णन प्रसिद्ध केलं. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचं दाखवून दिलं. 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. म्हणजे हा आजार विदर्भाच्या उंबऱ्याच्या आत आहे, हे जगाला कळून साठ वर्षं उलटून गेली. केंद्र सरकारच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात, देशात त्यातल्या त्यात जास्त नोंदल्या गेलेल्या दुर्मिळ आजारांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियासोबत सिकलसेलचंही नाव आहे. सरकारचाच आकडा सांगतो की आदिवासी समाजात दर 86 जन्मांमागे एक बाळ हा आजार घेऊन येतं. बाकी जगाला तो दुर्मिळ वाटो. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात बसून त्याला दुर्मिळ म्हणण्याची सोय कुणालाही नाही.

आणि त्याची पहिली चाचणी तरी किती अवघड? बोटातून थोडंसं रक्त घेऊन होणारी सोल्युबिलिटी चाचणी काही मिनिटांत उरकते. ती पॉझिटिव्ह आली की रुग्ण कोण आणि नुसता वाहक कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीनं ठरतं. आता केसपेपरवर काय लिहिलेलं असतं ते पाहा: ‘अशक्तपणा. रक्त कमी. लोहाच्या गोळ्या.’ निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, विळ्याच्या आकाराची पेशी 10 ते 20 दिवसांत फुटते. या रोगात रक्त कमी पडतं ते पेशी टिकत नाहीत म्हणून, त्यामुळे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येत नाही. साध्या रक्त तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा खाली गेलेला दिसतो, का गेला ते दिसत नाही. डोळे पिवळे झाले की कावीळ, गुडघे धरले की वात, तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजले की ‘पडलं असेल कुठंतरी’. वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी नावं पडतात आणि सगळे कागद शेजारी शेजारी मांडून कुणी बघत नाही. इथला उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो. अंगातलं पाणी कमी झालं की या रुग्णांच्या कळा उसळतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांना ‘ऊन लागलं’ म्हणून परत पाठवलं जातं.

घरच्या आजाराची ही तऱ्हा, तर गोशे, पॉम्पे, विल्सन असल्या खरोखर विरळ आजारांचं काय होत असेल? दुर्मिळ आजारांवरच्या सरकारी धोरणात परदेशातल्या पाहणीचे आकडे आहेत: अचूक निदान व्हायला अमेरिकेत सरासरी 7.6 वर्षं, ब्रिटनमध्ये 5.6 वर्षं, मध्ये आठ डॉक्टर आणि दोन-तीन चुकीची निदानं. जिथं यंत्रं आहेत, तज्ज्ञ आहेत, तिथली ही गत. त्या धोरणात उपचारासाठी 50 लाख रुपयांपर्यंतच्या मदतीची तरतूद आहे. पण ती मिळते ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत, आणि महाराष्ट्रासाठी धोरणात नाव आलं ते मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं. धारणीहून अमरावतीच जवळपास दीडशे किलोमीटर. तिथून रात्रभराची गाडी. ज्याच्या कागदावर ‘टेन्शन’ एवढंच लिहिलंय, तो त्या गाडीत बसणार कशाच्या जोरावर?

या रीतीची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेऊ. पहिलं म्हणणं असं की ओपीडीत शंभर रुग्ण असतात, वेळ कुठून आणायचा? गर्दी खरी आहे आणि तिचा दोष डॉक्टरांचा नाही. पण टॉनिक लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच चाचणीचं नाव लिहून होतं. उलट चुकीच्या गोळ्या घेऊन तोच माणूस चार वेळा परत येतो, तेव्हा गर्दी वाढवली कुणी? दुसरं म्हणणं: आधी नेहमीचे आजार बघायचे असतात. पहिल्या भेटीला हे शंभर टक्के बरोबर. पण चौथ्या भेटीलाही तेच उत्तर देणं हा निव्वळ आळस आहे. तिसरं, सर्वांत चीड आणणारं: लोक मोबाईलवर वाचून येतात आणि डॉक्टरांना शिकवतात. प्रश्न मोबाईलमधून आला की आईच्या काळजातून, त्यानं काय फरक पडतो? प्रश्न चुकीचा असेल तर का चुकीचा ते सांगा. प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं. त्याचा अपमान वाटून घेण्याचं कारण नाही. मेळघाटातले लोक आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैद्याकडे जातात म्हणून त्यांना अडाणी ठरवणाऱ्यांनी एवढा तरी विचार करावा की तो भूमका माणसांना समोर बसवून त्यांच्या भाषेत विचारपूस करतो. त्याच्या उपायानं रोग हटत नाही. पण विचारपूस ही तर डॉक्टरकीची पहिली पायरी, आणि तीच दवाखान्यांनी सोडून दिली.

‘कळून तरी काय उपयोग, इलाज कुठाय?’ हा शेवटचा युक्तिवाद. बहुतेक दुर्मिळ आजारांवर औषध नाही, हे खरं. पण सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे, लसी आहेत, पाणी-थंडी-श्रम यांची पथ्यं आहेत. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे लग्नाआधी कळण्याचा हक्क त्या पोरापोरींना नाही का? 2016 च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आहे, शिवाय एसटीची प्रवास सवलतही आहे. यातलं काहीही नाव नसलेल्या आजाराला मिळत नाही. आणि जिथं औषध नाहीच, तिथंही निदानामुळे चुकीचे उपचार थांबतात, नको ती ऑपरेशनं टळतात. घरच्यांची ‘नाटकं करते’ ही बोलणी बंद होतात, तेही काही कमी नाही.

तेव्हा मायबापहो, मागायला शिका. कायदा तुमच्या बाजूनं आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून 72 तासांत तुमच्या उपचाराचे कागद तुम्हाला द्यावे लागतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा रुग्ण हक्कांच्या सनदेतला हक्क आहे, त्यासाठी कुणाची नाराजी सांभाळायची नसते. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत लावून ठेवा. कधी दुखलं, किती दिवस राहिलं, घरात आणखी कुणाला असंच होतं, हे वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून किंवा आशाताईंकडून लिहून घ्या. अमरावतीच्या इर्विनला जा, डफरीनला जा, अकोल्याच्या सर्वोपचारला जा, नाहीतर खासगीत. एकटे जाऊ नका आणि दोन प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका: ‘हे नेमकं कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं?’ आणि ‘ते नक्की करायला कोणती तपासणी लागेल, ती कागदावर लिहून द्याल का?’ आवाज चढवू नका, हात जोडूनही उभे राहू नका. ‘काही नाही’ असं उत्तर आलं तर कोणत्या तपासणीवरून, ते विचारा.

वाचून झालं की हे पत्रक फेकू नका. ज्या घरात कुणी बऱ्याच दिवसांपासून ‘नुसतं अशक्त’ आहे, त्या घरी नेऊन द्या, आणि वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवा.