‘मूड ऑफ’ म्हणजे नक्की काय?

‘काय रे, काय झालं?’ ‘काही नाही, मूड ऑफ आहे.’ कॅन्टीनमध्ये हा संवाद रोजचाच. त्यापुढे कुणी थोडं मन मोकळं केलंच, तर आपल्या रत्नागिरीत जोक ठरलेला: ‘चल, तुला मेंटल हॉस्पिटलला सोडतो!’ सगळे हसतात. बोलणाराही हसतो आणि पुढच्या वेळी गप्प बसतो.

हा जोक आता जरा महागात पडतोय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. 25 जुलै 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना देशभरासाठी 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील, तर संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. हेल्पलाइनचे नंबर वर्गात, हॉस्टेलमध्ये ठळक दिसायला हवेत. मानसिक आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असंही कोर्टाने म्हटलं.

म्हणजे तुमच्या कॉलेजमध्ये समुपदेशक कोण, कधी भेटतात, हे विचारणं म्हणजे मेहेरबानी मागणं नव्हे. विचाराच. पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते. खोली मिळेल, पाटी लागेल. पण ‘आत जाताना कुणी बघितलं तर?’ ही भीती कोर्टाच्या आदेशाने जात नाही. ती आपल्याच कट्ट्यावर तयार होते, त्यामुळे ती घालवायचीही तिथूनच.

सुरुवात शब्दांपासून करू. ‘मूड ऑफ’ या एका डब्यात आपण सगळंच कोंबतो. मराठीत मात्र करमत नाही, हुरहुर लागलीय, घालमेल होतेय, वैताग आलाय, हे सगळं वेगवेगळं आहे. करमत नसेल, तर माणसं हवीत. रिझल्टची घालमेल असेल, तर आज आपल्या हातात काय आहे तेवढं ठरवायला हवं. वैताग असेल, तर कुणाला तरी ‘नाही’ म्हणायचं राहिलंय का, ते बघायला हवं. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची धावपळ कमी होते, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या अमेरिकेतल्या प्रयोगात दिसलं होतं.

बाकीचं साधंच आहे. झोपेची वेळ पाळा, रील्स बघत रात्रीचे दोन वाजवू नका. पावसाळ्यात चार-चार दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा उघडीप मिळाली की मांडवीला एक चक्कर मारून या. ‘मूड आला की करू’ म्हणून थांबू नका. बऱ्याचदा आधी उठावं लागतं, मूड मागून येतो.

पण उदासी दोन आठवडे हटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर चक्कर मारून भागणार नाही. 14416 या ‘टेलि-मानस’ नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, 24 तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. शिवाय राज्यातल्या मोजक्या सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच शहरात आहे. बाकीच्यांना त्यासाठी एसटीने प्रवास करावा लागतो. आपण मात्र त्याचा जोक करतो.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘मूड ऑफ आहे’, तर एवढंच विचारा: ‘म्हणजे नक्की काय होतंय?’ आणि उत्तर येईपर्यंत मोबाइल खिशात ठेवा.