कात्री कोणाच्या हाती?

लग्नाचा मांडव उतरला, पाहुणे पांगले, की घरात एकाच गोष्टीची वाट बघणं सुरू होतं. व्हिडिओची! शूटिंग दोन दिवसांत उरकतं, पण व्हिडिओ हातात पडायला दोन-दोन महिने जातात. फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, ‘‘ताई, एडिटिंग चालू आहे.’’ हे एडिटिंग म्हणजे काय, ते आता आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. कारण तालुक्याच्या गावातसुद्धा कितीतरी मुली घरात कॉम्प्युटर घेऊन हेच काम करतात. दहा-बारा तासांचं चित्रण डोळ्यांखालून घालायचं, हललेलं, पुसट आलेलं काढून टाकायचं, चांगलं तेवढं ओळीनं लावायचं, वर संगीत चढवायचं. पाठ आणि डोळे दोन्ही दुखवणारं काम.

या कामाच्या जगात सध्या मोठी उलथापालथ चालू आहे. चॅटजीपीटी, क्लॉड यांसारखे एआय मदतनीस आता थेट व्यावसायिक एडिटिंग सॉफ्टवेअरला जोडले जात आहेत. मैत्रिणींनो, बातमी तांत्रिक आहे म्हणून पान उलटू नका. आपल्या मुलींच्या पोटापाण्याशी तिचा संबंध आहे.

आधी हे जोडणं म्हणजे काय, ते समजून घेऊ. आतापर्यंतचा एआय म्हणजे कुंपणापलीकडून पाककृती सांगणारी शेजारीण. ‘‘जिरं घाल, गॅस बारीक कर,’’ असं ती सांगणार, पण हात आपलेच चालणार. आता ही शेजारीण स्वयंपाकघरात आली आहे. मिठाचा डबा कुठला, कढई कुठं टांगलेली असते, हे तिला दाखवलं गेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (थोडक्यात एमसीपी) नावाची पद्धत सर्वांसाठी खुली केली. एआयनं दुसऱ्या सॉफ्टवेअरशी कोणत्या रीतीनं बोलायचं, याचा हा ठरलेला नियम. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनंही तो स्वीकारला. ‘दाविंची रिझॉल्व्ह’ हे एडिटिंगमधलं मोठं नाव. त्याला पायथन, लुआ या भाषांतून आज्ञा देण्याची सोय तशी कित्येक वर्षांची, पण ती प्रोग्रामिंग येणाऱ्यांपुरतीच होती. ठिकठिकाणच्या प्रोग्रामर मंडळींनी आता या दाराला एमसीपीची जोड दिली. त्यामुळे ‘या फोल्डरमधल्या क्लिप तारखेनुसार लाव, मुलाखतीत पाण्याचा विषय निघेल तिथं खूण कर,’ असं साध्या वाक्यात सांगितलं की मदतनीस ते काम करू लागतो. मोठ्या कंपन्याही मागे नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये अडोबीनं आपलं फोटोशॉप चॅटजीपीटीमध्येच वापरण्याची सोय केली.

यात वाईट काय? तुम्ही विचाराल, आणि बरोबरच आहे. फाइलींना नावं देणं, एकसारख्या क्लिप एकत्र करणं, सबटायटल बसवणं, ही कामं मदतनीसानं केली तर उत्तमच. लेकराला मांडीवर घेऊन रात्री दोनपर्यंत माउस हलवणाऱ्या मुलीचे चार तास वाचत असतील, तर मी त्या यंत्राला हळदीकुंकू लावीन! शंका आहे ती पुढच्या पायरीबद्दल. काय ठेवायचं आणि काय कापायचं, हे ठरवण्याबद्दल.

त्यासाठी हा मदतनीस बघतो कसा, ते लक्षात घ्यायला हवं. पुष्कळदा तो चित्र बघतच नाही. तो वाचतो. अडोबीच्या ‘प्रीमियर प्रो’मध्ये २०२३ साली मजकुरावरून एडिटिंग करण्याची सोय आली. चित्रणातलं बोलणं आपोआप लिहून निघतं. त्यातलं एखादं वाक्य खोडलं की तेवढं चित्रही कापलं जातं. बोलताना घेतलेले थांबेसुद्धा शोधून एका झटक्यात काढता येतात. जोडलेल्या एआय मदतनीसाच्या हाती येतं ते बरेचदा असंच काहीतरी. लिहिलेले शब्द, फाइलींची नावं, मिनिटं आणि सेकंद. काही मदतनीस चित्रंही तपासतात, पण तीही मधूनमधून काढलेल्या फोटोंसारखी. भाषणासाठी किंवा बातमीसाठी हे ठीक. पण माणसाच्या गोष्टीचं काय?

समाजकार्याच्या निमित्तानं बायकांच्या मुलाखतींचं चित्रण होताना मी अनेकदा तिथं बसले आहे. एखादी बाई सांगते, ‘‘मग मी माहेरी गेले...’’ आणि थांबते. पदर सारखा करते. खिडकीकडे बघते. मग म्हणते, ‘‘चार दिवसांनी परत आले.’’ शब्दांच्या हिशेबानं मधले आठ सेकंद रिकामे. पण बाई, सगळी कहाणी त्या आठ सेकंदांत आहे! माहेरचे काय बोलले असतील, परत पाठवताना आईनं काय सांगितलं असेल, ते सगळं त्या गप्प बसण्यात आलं. पाठवणीच्या वेळी काहीच न बोलता उभा असलेला बापही तसाच. शब्द मोजणाऱ्याला तो दिसणार नाही. आपल्याकडच्या बायकांनी जन्मभर जेवढं बोलून सांगितलं नसेल, तेवढं न बोलून सांगितलं आहे. ते ओळखायला त्या घरात, त्या भाषेत वाढलेला डोळा लागतो. हा डोळा हीच एडिटिंग करणाऱ्या मुलीची खरी मिळकत.

आणि इथंच मला जुना इतिहास आठवतो. सिनेमाच्या सुरुवातीच्या काळात हॉलीवूडच्या एडिटिंगच्या खोल्यांमध्ये बायका मोठ्या संख्येनं होत्या. फिल्मचे तुकडे कापायचे आणि जोडायचे, हे शिवणकामासारखं, म्हणून बायकांचं! मार्गारेट बूथ अशाच जोडकामापासून सुरुवात करून एमजीएम स्टुडिओच्या एडिटिंगची प्रमुख झाली. पण या कामाला मान आणि दाम मिळू लागला तसे तिथं पुरुष वाढत गेले. आपल्याकडे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’, ‘गॉडमदर’ या चित्रपटांच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. संकलन म्हणजे नुसती कात्री चालवणं नव्हे, ती नजर आहे, हे अशा कामातून लोकांना पटलं.

आता पुन्हा काटा उलटा फिरण्याची भीती आहे. ‘‘एआय करतं की सगळं, मग एवढे पैसे कशाचे?’’ हे वाक्य गिऱ्हाइकाच्या तोंडी यायला वेळ लागणार नाही. स्वयंपाकाचंही असंच झालं ना? मिक्सर आला, कुकर आला, आणि लगेच ‘‘तुला काय काम असतं घरात?’’ सुरू झालं. आज काय करायचं, कोणाला काय चालतं, कालचं काय उरलंय, हे डोक्यातलं काम कोणी मोजलंच नाही.

दुसरी भीती शिकण्याची. नवी मुलगी या धंद्यात शिरते ती कच्चं चित्रण निवडण्याच्या कामातून. शंभर तास बघितल्यावर तिची नजर तयार होते. ते कामच यंत्राकडे गेलं, तर नजर तयार कुठं व्हायची? वरच्या पायरीवर जायला खालची पायरी तर हवी!

निर्णय दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं, त्याचं उदाहरण ताजं आहे. ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीचा, ‘अंबिकापती’चा, शोकांत शेवट एआयच्या मदतीनं गोड करून तो ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनीही जाहीर निषेध केला. चित्रपट तर चालूच राहिला. एवढ्या नावाजलेल्या माणसांची ही गत!

हॉलीवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांत एआयचा मुद्दा होता आणि कंपनी लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करू शकणार नाही, हे त्यांनी करारात लिहून घेतलं. त्यांच्या मागे संघटना होती. घरच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडलेल्या आपल्या मुलीमागे कोण आहे? आपणच.

म्हणून काही गोष्टी सुचवते. गावात असं काम करणाऱ्या मुली असतील, तर त्यांनी बचत गटासारखं एकत्र यावं, दर मिळून ठरवावेत. बिलात ‘एडिटिंग’ असा एकच आकडा लिहू नये. सबटायटल आणि जुळवाजुळव वेगळी, निवड आणि मांडणी वेगळी लिहावी. पहिल्याचा दर यंत्रामुळे कमी झाला तरी दुसऱ्याचा होऊ देऊ नये. मदतनीसाला जोडण्याआधी मूळ चित्रणाची आणि प्रोजेक्टची एक प्रत बाजूला ठेवावी. पाव्हण्याला स्वयंपाकघर मोकळं करून दिलं तरी तिजोरीची किल्ली आपण कमरेलाच ठेवतो!

आणि व्हिडिओ करवून घेणाऱ्या आपण? आपणही दोन प्रश्न विचारायचे. एक, आमच्या घरच्या लेकीसुनांचं चित्रण आणि बोलणं इंटरनेटवरून कोणत्या कंपनीकडे जाणार आहे का? तसं असेल तर आधी आमची परवानगी घ्या. आणि दोन, शेवटची निवड कोणी केली? एखाद्या मुलीनं बसून केली असेल, तर तिला तिच्या नजरेचे पैसे द्या, घासाघीस न करता. व्हिडिओच्या शेवटी तिचं नावही घालायला सांगा. मंडपवाल्याचं आणि केटररचं असतंच की!